पाचांतला एक गैरहजर

गांधीसागर तलावाकडून नागपूरच्या रेल्वे स्टेशनच्या दिशेने निघाले की वाटेत एम्प्रेस सिटी नावाचे संकुल लागते. मॉल आहे, उंच इमारती आहेत, सुट्टीच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही. या जागेवर सव्वाशे वर्षे कापडगिरणी होती. भोंगा बंद झाला २००२ साली. आज मॉलमध्ये फिरणाऱ्या विशीतल्या मुलाला 'एम्प्रेस' हे एखाद्या ब्रँडचे नाव वाटले तर त्यात त्याचा दोष नाही.

या गिरणीकडे मी वळलो तो इतिहासाच्या ओढीने नव्हे. मी कोणत्याही विद्यापीठाचा नाही, व्यवस्थापनाची पदवीही माझ्याकडे नाही. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षे 'टाइम ऑफिस'मध्ये होतो. म्हणजे हजेरी, रजा, पाळ्या, ओव्हरटाइम यांचा हिशेब. त्या काळात कारखान्यात नेतृत्वविकासाच्या कार्यशाळा सुरू झाल्या होत्या. बाहेरगावचे प्रशिक्षक येत, पडद्यावर चित्रे दाखवत आणि 'माणूस हीच आपली खरी संपत्ती' असे सांगून संध्याकाळच्या विमानाने परत जात. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीपत्रक माझ्यापुढे येई आणि त्यात लाल शाईचे गोल असत. संपत्ती रोज थोडीथोडी गैरहजर असे. का, हे कार्यशाळेत कोणी विचारत नसे.

पुढे वाचनाच्या नादात कळले की हा प्रश्न नागपुरात माझ्या आधी शंभर वर्षांहून अधिक काळ पडलेला होता, आणि तो पडलेल्या माणसाने त्याचे उत्तर वेगळ्या तऱ्हेने शोधले होते. त्या उत्तराची आणि त्याच्या अपुरेपणाची ही हकीकत आहे.

जुम्मा तलावाकाठची गिरणी

जमशेटजी टाटांनी १८७४ साली 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' स्थापन केली. भांडवल पंधरा लाख रुपये. त्या काळी कापडगिरणी म्हणजे मुंबई, हे समीकरण होते. भांडवल तिथे, बंदर तिथे, कसबी कामगार तिथे. जमशेटजींचा हिशेब निराळा होता. कापूस जिथे पिकतो आणि कापड जिथे खपते, त्याच्या जवळ गिरणी काढली तर दोन्ही वेळचे वाहतुकीचे भाडे वाचते. वऱ्हाडचा कापूस, रेल्वे, कोळसा आणि हातमागाची जुनी परंपरा असलेले शहर हे सगळे नागपुरात होते. जागा मिळाली ती जुम्मा तलावालगतची दलदलीची. हाच आजचा गांधीसागर. भराव टाकून ती उभी करावी लागली.

जमशेटजींच्या चरित्रांत या भरावाचा एक किस्सा हमखास येतो. एका स्थानिक सावकाराने, हा माणूस सोने जमिनीत पुरतो आहे, म्हणून पैसे द्यायचे नाकारले. पुढे गिरणी भरभराटीला आल्यावर त्यानेच कबूल केले, की टाटांनी माती टाकली आणि सोने काढले.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले होते, त्यावरून नाव पडले एम्प्रेस मिल. पहिली वर्षे नावाला साजेशी नव्हती. स्वस्तात घेतलेली यंत्रे कुचकामी निघाली, सूत हलके येऊ लागले, भागधारक कुरकुरू लागले. जमशेटजींनी चूक मान्य केली आणि चांगली यंत्रे आणली. १८८३ च्या सुमारास त्यांनी रिंग स्पिंडल हे त्या वेळी इंग्लंडमध्येही फारसे रुळलेले नसलेले सूतकताईचे यंत्र नागपुरात चालवून पाहिले. लँकेशायरचे गिरणीवाले जुन्या पद्धतीला चिकटून होते. इथे मात्र आधी प्रयोग झाला आणि जमल्यावर विस्तार झाला.

गिरणीचा कारभार सांभाळायला त्यांनी निवडले बेझनजी दादाभाई मेहता यांना. ते जीआयपी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. सूत कसे कातले जाते याची त्यांना माहिती नव्हती. तांत्रिक बाजूसाठी लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी होते. जमशेटजींना हवा होता तो माणसे, माल आणि वेळ यांचा मेळ घालू शकणारा, शब्दाचा पक्का माणूस. धंद्यातले ज्ञान शिकता येते, हा त्यामागचा विश्वास. शिकलेल्या तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन गिरणीतच तयार करायची पद्धतही इथे पुढे सुरू झाली. आज 'पदवी पाहू नका, कुवत पाहा' असे नोकरभरतीचे तज्ज्ञ सांगतात. एम्प्रेस मिलमध्ये याचा प्रयोग १८७७ लाच झालेला होता.

लाल गोलांचे काय करायचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गिरणी सुरू झाली तरी कामगार रोज येईनात. टाटांवरच्या लेखनात येणारा आकडा सुमारे वीस टक्क्यांचा आहे. म्हणजे रोज पाचांतला एक गैरहजर. मुंबईतल्या गिरण्यांत हे प्रमाण बरेच कमी होते.

त्या काळच्या मालकवर्गाकडे यावर तयार उत्तर होते: मध्य प्रांतातला माणूस आळशी आहे. उपायही तयार होता: दंड करा, पगार कापा, काढून टाका. पण नागपूर-विदर्भात राहणाऱ्याने जरा आठवून पाहावे. पेरणी, निंदणी, कापूसवेचणी या दिवसांत ज्याचे घर गावात आहे त्याला शहरात कोण धरून ठेवणार? आणि घरच्या मागावर बसणारा कोष्टी सकाळी लवकर बसेल, दुपारी उन्हात थांबेल, रात्री पुन्हा बसेल. लग्नसराईत दुप्पट काम करील, आजारपणात माग बंद ठेवील. कामाचा वेळ त्याच्या स्वतःच्या ताब्यात होता. गिरणीने त्याला भोंग्याच्या ताब्यात दिले. त्याला काम नको होते असे नव्हे, भोंग्याची त्याला सवय नव्हती. आणि ही सवय लावून घेण्यात त्याचा काय लाभ, हे कोणी सांगितले नव्हते.

जमशेटजींनी दंडाऐवजी हा लाभ निर्माण करायचे ठरवले. १८८६ साली निवृत्तिवेतन निधी सुरू झाला. १८९५ साली अपघाताची भरपाई आली आणि १९०१ साली भविष्य निर्वाह निधी. जोडीला कामगारांच्या कुटुंबांसाठी मेळावे, खेळांचे सामने आणि बक्षिसे. गिरणीत हवा खेळती राहावी आणि दमटपणा योग्य राहावा यासाठी यंत्रणा बसवली गेली. त्यात सुताचाही फायदा होता आणि माणसाचाही.

या वर्षांचे मोल कळण्यासाठी देशाच्या कायद्याची वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. अपघात भरपाईचा कायदा झाला १९२३ साली, भविष्य निर्वाह निधीचा १९५२ साली. म्हणजे नागपूरच्या एका गिरणीत जे सुरू झाले ते कायद्यात यायला एका बाबतीत अठ्ठावीस वर्षे लागली आणि दुसऱ्या बाबतीत एक्कावन्न.

या योजनांचे स्वरूप मला विचार करण्यासारखे वाटते. बक्षीस आजचे असते, भविष्य निर्वाह निधी वीस वर्षांनंतरचा. 'तू उद्या ये' एवढेच गिरणी कामगाराला सांगत नव्हती. 'तू म्हातारा झालास तरी आपला हिशेब चालू आहे' असे ती सांगत होती. गावातल्या शेताच्या तुकड्यावर माणूस पावसापाण्यात टिकून राहतो तो याच कारणाने, की शेत उद्याही त्याचे असते. गिरणीने नोकरीला थोडासा शेताचा गुण दिला.

यात परोपकाराचा आव नव्हता, हेही नोंदवायला हवे. १८९५ साली गिरणीच्या विस्ताराच्या प्रसंगी केलेल्या भाषणात जमशेटजींनी साफ सांगितले होते, की आपण इतरांपेक्षा अधिक उदार किंवा निःस्वार्थी असल्याचा दावा करत नाही. भागधारकांचे हित आणि कामगारांचे आरोग्य व कल्याण हा भरभराटीचा पाया आहे, हे आपण सरळ धंद्याच्या तत्त्वाने जाणले आहे. मला हे प्रामाणिक वाटते. दयेपोटी केलेली व्यवस्था दया आटली की संपते. हिशेबाने केलेली थोडी जास्त टिकते.

जग या प्रश्नाशी पोचले तेव्हा

व्यवस्थापन हे शास्त्र आहे असे ठासून सांगणारे फ्रेडरिक टेलर यांचे पुस्तक १९११ सालचे. फावड्याचा आकार किती, हालचाली किती, विश्रांती केव्हा, हे साहेबाने मोजावे आणि कामगाराने तसे करावे, हा त्याचा गाभा. मोजमापाने उत्पादन वाढले, पण माणूस का निघून जातो हे घड्याळ लावून कळत नाही.

अमेरिकेत डेट्रॉइटजवळ हेन्री फोर्ड यांना याचा अनुभव आला. १९१३ साली त्यांच्या मोटार कारखान्यात माणसे टिकेनात. असलेल्या जागांच्या तिपटीहून अधिक माणसे वर्षभरात भरावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये त्यांनी दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि गळती थांबली. पण त्याला अट होती. कंपनीचे तपासनीस कामगाराच्या घरी जात. तो दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का, बचत करतो का हे पाहत आणि मगच पूर्ण रक्कम मिळे.

पुढे शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रयोग झाले. दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढते का, इथून सुरुवात झाली. त्या प्रयोगांचे निष्कर्ष नेमके काय, यावर अजून वाद आहेत. पण त्याच काळात तिथे वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर जे मांडले त्यातला सोपा भाग हा, की माणसाला विचारले आणि त्याचे ऐकून घेतले की तो बोलतो, आणि तो जे बोलतो त्यात कारखान्याच्या कामाचे बरेच काही असते.

ही नावे आज व्यवस्थापनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात आहेत. एम्प्रेस मिल त्यांच्या आधीची.

मुकादमाच्या खिडकीतून

इथेच थांबलो असतो तर हा लेख गौरवलेख झाला असता, आणि तसे लेख पुष्कळ आहेत. पण हजेरीवर बसलेल्या माणसाला दुसरी बाजूही दिसते.

पहिली गोष्ट कामाच्या तासांची. भारतात पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली आला तो मुलांपुरता. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित केले तेव्हा कुठे १८९० साली गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुरुष कामगाराच्या दिवसाला तर १९११ च्या कायद्यापर्यंत कसली मर्यादाच नव्हती. म्हणजे ज्या काळात निवृत्तिवेतन सुरू झाले, त्या काळात गिरणीचा दिवस देशभर बारा तासांच्या वरचाच असे. म्हातारपणाची सोय झाली होती, पण संध्याकाळची नव्हती.

दुसरी गोष्ट मुकादमाची, म्हणजे जॉबरची. भारतातल्या गिरण्यांत मालक आणि कामगार यांच्यामध्ये हा माणूस असे. भरती त्याच्या हातात, रजा त्याच्या हातात, बदली कामगाराला आज आत घ्यायचे की गेटवरून परत पाठवायचे तेही त्याच्याच हातात. दस्तुरी द्यावी लागे, उधारी त्याच्याकडूनच घ्यावी लागे. वरून आलेली चांगली योजना आणि खालचा माणूस यांच्यामध्ये ही एक खिडकी होती आणि ती किती उघडायची हे मुकादम ठरवत असे. जातही त्याच खिडकीत बसलेली असे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना तो 'विटाळ' वाटे. पगार मात्र विणकाम खात्यातच जास्त. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या मुंबईतल्या संपाच्या काळात हा मुद्दा जाहीरपणे मांडला. कल्याणनिधीच्या योजना कितीही चांगल्या असल्या तरी, कोणत्या खात्यात कोण पाऊल टाकू शकतो हा प्रश्न त्या सोडवत नव्हत्या.

तिसरी गोष्ट या दोन्हींपेक्षा मोठी. एम्प्रेस मिलमध्ये कामगाराला काय हवे हे ठरवले मालकाने. नेमके ठरवले, शहाणपणाने ठरवले, पण ठरवले मालकानेच. कामगाराचा आवाज त्या रचनेत नव्हता. तो पुढे युनियनच्या रूपाने बाहेरून आला. नागपूरच्या गिरणी कामगारांचे नेते रा. स. रुईकर हे त्यातले ठळक नाव. पुढे त्यांनी अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्षपदही भूषवले.

याच शहरात १९२९ च्या अखेरीस त्या संघटनेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सरकारने नेमलेल्या शाही कामगार आयोगावर, म्हणजे व्हिटली आयोगावर, बहिष्कार घालायचा की नाही यावरून वाद झाला आणि संघटना नागपुरातच फुटली. ना. म. जोशी हे स्वतः त्या आयोगाचे सदस्य होते. ते आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. आत शिरून बदल घडवायचा की बाहेर राहून, हा तो वाद. आयोगाचा अहवाल १९३१ साली आला. मुकादमाच्या हातून भरती-बडतर्फी काढून घ्या, त्यासाठी कामगार अधिकारी नेमा, अशी त्यात शिफारस होती. आजच्या 'एचआर' विभागाच्या मुळाशी जे अनेक धागे आहेत त्यांतला एक हा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला, तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर आणि त्याहून अधिक कामगारांच्या ठिकाणी मालक-कामगारांच्या संयुक्त कार्यसमितीची तरतूद केली.

कामगाराने स्वतः कामाची मांडणी केली तर काय होते, याचा प्रयोगही आपल्याच देशात झाला आहे. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले. नवे स्वयंचलित माग आणूनही उत्पादन वाढत नव्हते. बारा तऱ्हांची कामे बारा तऱ्हांच्या माणसांत वाटलेली होती आणि एकूण मागाची जबाबदारी कोणाचीच नव्हती. काही मागांची पूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी, ही कल्पना मांडली गेली. कामगारांनी ती उचलली आणि गट स्वतःच जुळवले. उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. सतरा वर्षांनी त्याच संस्थेच्या एरिक मिलर यांनी पुन्हा जाऊन पाहिले तेव्हा काही ठिकाणी ही पद्धत टिकली होती, काही ठिकाणी दबावाखाली ती विरत जाऊन जुनाच कारभार परतला होता.

वीस मिनिटांची गोष्ट

'काही ठिकाणी विरली' हे वाचताना मला माझ्या कारखान्यातली एक गोष्ट आठवली.

दुसऱ्या पाळीतले काही कंत्राटी कामगार आठवड्यातून एक-दोनदा तरी दांडी मारत. वरिष्ठांच्या मते ते बेजबाबदार होते. मी हजेरीपत्रकावरून त्यांची गावे काढली. बहुतेक एकाच रस्त्यावरची निघाली. विचारल्यावर कळले, की पाळी सुटते आणि गावाकडची शेवटची एसटी निघते यांत काही मिनिटांचाच फरक आहे. उशीर झाला की रात्र फाट्यावर. ज्या दिवशी सोबत नसे त्या दिवशी ते यायचेच नाहीत. पाळीचा प्रमुख भला माणूस होता. त्याने त्या लोकांना वीस मिनिटे आधी सोडायला आणि तेवढी आधी बोलवायला सुरुवात केली. लाल गोल कमी झाले. वर्षभरात त्याची बदली झाली. नव्या प्रमुखाने विचारले, "असा नियम कुठे लिहिलाय?" कुठेच लिहिलेला नव्हता. गोल परत आले. त्यांतली दोन-तीन माणसे पुढे आलीच नाहीत. मी त्यांची नावे पत्रकातून खोडली.

त्या दिवसापासून मला एम्प्रेस मिलच्या हकीकतीचे दोन भाग स्पष्ट वेगळे दिसू लागले. गैरहजर माणसाला दोष देण्याआधी आपली व्यवस्था तपासायची, हा पहिला भाग. जमशेटजींनी तो करून दाखवला. निघालेले उत्तर कागदावर, नियमात आणि शेवटी कायद्यात उतरवायचे आणि ते ठरवताना त्या माणसाला सोबत बसवायचे, हा दुसरा. तो कामगार चळवळीने आणि कायद्याने अर्धामुर्धा पार पाडला. आमच्या पाळीप्रमुखाकडे पहिला भाग पुरेपूर होता. दुसरा नसल्यामुळे त्याचे चांगुलपण त्याच्याबरोबरच बदलून गेले.

एम्प्रेस मिलचाही शेवट काही वेगळे सांगत नाही. १९८६ साली ती टाटांच्या हातून जाऊन महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि सोळा वर्षांनी बंद पडली. जुनी यंत्रे, यंत्रमागाची स्पर्धा, बदललेला बाजार अशी कारणे होती. ते निर्णय कामगारांना विचारून झाले नाहीत. पण जो भविष्य निर्वाह निधी कधीकाळी या गिरणीची खास सोय होता, तो तोवर देशातल्या कामगाराचा हक्क झाला होता. गिरणी बुडाली तरी तो बुडण्यासारखा राहिला नव्हता.

आज नागपूरच्या दक्षिणेला मिहानमध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या आहेत. टाटांच्याच टीसीएसचे संकुल तिथे आहे आणि २०१५ साली सुरू झालेली आयआयएमही तिथेच आहे. भोंग्याची जागा ओळखपत्राच्या 'पंचिंग'ने घेतली आहे, मुकादमाची जागा कंत्राटदाराने. शहरभर दुचाकीवरून जेवण पोचवणाऱ्या मुलांना तर हजेरीपुस्तकच नाही. मोबाइलमधले ॲप कुणाला काम द्यायचे ते ठरवते आणि का दिले नाही ते सांगत नाही. नेतृत्वावरची पुस्तके सीताबर्डीच्या फुटपाथवर ढिगाने मिळतात. त्यांतली बरीच मी वाचली आहेत आणि काही चांगलीही आहेत. पण कोणत्याही कार्यशाळेच्या पहिल्या तासाला मी एकच काम सांगेन: गेल्या महिन्याचे हजेरीपत्रक मागवा, लाल गोल मोजा, त्यांतल्या प्रत्येकाचे गाव शोधा आणि जाऊन विचारा.

मग जे उत्तर मिळेल ते लिहून काढा, खाली त्या माणसाचीही सही घ्या.